रांगेतला डबा

‘काळाबाजार’ हा शब्द आमच्या पिढीला नवा नाही. साखर, रॉकेल, सिमेंट, गॅसचे सिलिंडर, सिनेमाची तिकिटे, जे जे म्हणून कमी पडले त्याच्या मागोमाग हा शब्द आला. त्यांतला तिकिटांचा काळाबाजार मात्र लोकांनी कधी फारसा मनावर घेतला नाही. साखर लपवून ठेवणाऱ्या दुकानदाराला शिव्याशाप मिळत. चित्रपटगृहाबाहेर दबक्या आवाजात दुप्पट भाव सांगणाऱ्या पोराकडे मात्र लोक हसून पाहत. १९६० साली विजय आनंद यांनी ‘काला बाजार’ हा चित्रपट काढला. त्यात देव आनंद यांनी उभा केलेला नायक नोकरी गमावलेला बसवाहक आहे आणि पोटासाठी तो तिकिटांचा काळाबाजार करू लागतो. प्रेक्षकांनी त्याच्यावर प्रेमच केले. करमणूक ही काही भाकरी नव्हे. ज्याला परवडते त्याने जादा पैसे देऊन ती विकत घेतली तर कोणाचे काय गेले, असा त्यामागचा साधा विचार असावा.

हा साधा विचार पुरेसा आहे का, हे पाहण्याचा प्रसंग अलीकडे आमच्या घरात आला. त्या निमित्ताने मनात जे आले ते वाचकांपुढे ठेवतो.

‘कोल्डप्ले’ या इंग्लंडमधील गायक-वादकांच्या संचाचे कार्यक्रम नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात २०२५ च्या जानेवारीत १८, १९ आणि २१ या तारखांना झाले. त्यांची तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी, रविवारी दुपारी बारा वाजता, बुकमायशो या संकेतस्थळावर सुरू झाली. सर्वसाधारण तिकिटे अडीच हजारांपासून साडेबारा हजारांपर्यंत होती. खास कक्षाचे तिकीट पस्तीस हजारांचे होते. एका माणसाला जास्तीत जास्त चार तिकिटे घेता येत. तिन्ही दिवसांच्या जागा मिळून दोन लाखांच्या आतच. आणि त्या दिवशी तिकिटांसाठी एक कोटी तीस लाखांहून अधिक लोक आले, असे कंपनीनेच नंतर सांगितले. पाहता पाहता तिकिटे संपली आणि लगोलग तीच तिकिटे दुसऱ्या संकेतस्थळांवर विक्रीला दिसू लागली. हजारांची तिकिटे लाखांत गेली होती. पुढे बुकमायशोने पोलिसांकडे तक्रार दिली, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली आणि ऑक्टोबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने पाच राज्यांत छापे घातले. पूर्वी जे काम अंधाऱ्या जिन्याखाली उभा राहून एक फाटका पोरगा करीत असे, ते आता उजळ माथ्याने, पावती देऊन होऊ लागले आहे.

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा येथे सेवानिवृत्तीनंतर मी धाकट्या भावाच्या शेजारी राहतो. त्या इंग्रजी गाण्यांशी माझा काही संबंध नाही. परंतु भावाचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि त्या रविवारी एक कोटी तीस लाखांपैकी तोही एक होता. त्याचे नशीब चांगले. साडेचार-साडेचार हजारांची चार तिकिटे त्याला मिळाली. त्यांपैकी दोन मित्रांना ऐनवेळी कंपनीच्या कामासाठी बाहेरगावी जावे लागणार असे ठरले आणि दोन तिकिटे शिल्लक राहिली. ही बातमी कचेरीत पसरताच एका गृहस्थाने त्या जोडीचे ऐंशी हजार रुपये देऊ केले.

ऐंशी हजार हा आकडा आमच्या घरी नुसता आकडा नव्हता. २०२३ च्या उन्हाळ्यात भावाचे टोमॅटो निघाले तेव्हा नारायणगावच्या बाजारात भाव इतका पडला होता की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेसुद्धा सुटत नव्हते. लोकांनी माल रस्त्याच्या कडेला ओतला. ठिबक, मल्चिंग पेपर, तार-बांबू, औषधे यांसाठी पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाचे सत्तर हजारांच्या आसपास देणे अद्याप उरले होते. पुतण्या शनिवारी गावी आला तो हेच विचारायला. रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर आम्ही तिघे बसलो.

“काका, मी तिकिटं विकायची म्हणून घेतली नव्हती. आता उरलीच आहेत, आणि समोरचा माणूस राजीखुशीनं देतोय. आप्पांचं कर्ज एका दिवसात फिटतं. यात कुणाला फसवलं?”

मी काही बोलण्याआधीच भाऊ म्हणाला, “दादा, तुम्ही आता पुस्तकातलं सांगाल. पण माझा टोमॅटो व्यापाऱ्यानं तीन रुपयांनी नेला आणि पुण्यात वीसनं विकला. त्याला कुणी काळाबाजार म्हटलं? आणि त्याच साली जुलैत ज्यांचा माल निघाला त्यांना वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला. तोही काळाबाजारच का मग?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. टंचाईच्या वेळी चढा भाव घेणे हे पाप असेल, तर जुलै २०२३ मध्ये आमच्या तालुक्यातील पुष्कळ शेतकरी पापी ठरतील. आणि तसे म्हणण्याची माझी तरी छाती नाही.

आमच्या घरी जुनी पुस्तके थोडीबहुत आहेत. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या थोर ग्रंथात व्यापारातील न्यायाचा स्वतंत्र विचार केला आहे. एखादी वस्तू तिच्या मोलापेक्षा अधिक किमतीला विकणे न्याय्य आहे काय, असा प्रश्न ते उपस्थित करतात. त्यांचे उत्तर दुहेरी आहे. वस्तू हातची गेल्याने विकणाऱ्याचेच मोठे नुकसान होत असेल, तर त्या नुकसानीचे मोल त्याने किमतीत धरावे, त्यात अन्याय नाही. परंतु विकणाऱ्याचे काहीच बिघडत नसेल आणि केवळ घेणाऱ्याला त्या वस्तूची निकड फार आहे एवढ्याच कारणाने तो भाव चढवीत असेल, तर ते योग्य नव्हे. कारण ती निकड घेणाऱ्याची स्वतःची आहे. विकणाऱ्याने आपली वस्तू विकावी. दुसऱ्याची निकड ही त्याची मालमत्ता नव्हे, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. व्यापारातील नफ्याला मात्र अक्विनस सरसकट नावे ठेवीत नाहीत. कुटुंबाच्या पोषणासाठी, गरजूंच्या मदतीसाठी, आपल्या श्रमाचा मोबदला म्हणून माफक नफा घेण्यास त्यांची हरकत नाही.

हे ऐकून पुतण्याचा चेहरा उजळला. “मग झालं तर! कुटुंबासाठीच तर घेतोय.” त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. हेतू चांगला होता, ह्यात शंका नाही. परंतु पैसा कोठे जातो हा एक प्रश्न आणि तो कोठून येतो हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे चोख उत्तर दिल्याने दुसरा सुटत नाही.

टोमॅटोचेच पाहा. जुलैत ज्याला दोन हजारांचा भाव मिळाला त्याने उन्हातान्हात रोपे जगवली होती, औषधे मारली होती, आणि मे महिन्यासारखाच भाव पडला असता तर तोही बुडाला असता. बुडीत वर्षाचा तोटा तो एकटा सोसतो. म्हणून तेजीच्या वर्षाची चार पैशांची वाढही त्याच्याच पदरात पडली पाहिजे. शिवाय ती टंचाई त्याने निर्माण केलेली नव्हती. त्याच्या श्रमाने बाजारात टोमॅटो होते ते वाढलेच, कमी झाले नाहीत.

आमच्या शेजारच्या नारायणगावात याहूनही जवळचे उदाहरण आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला; त्यांच्या या गावाला लोक तमाशापंढरी म्हणतात. जत्रांचा हंगाम जवळ आला की तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन आपल्या जत्रेची सुपारी ठरवतात. चैत्रातील काही तिथींना एकाच रात्री अनेक गावांच्या जत्रा असतात. फड मोजके, मागणारी गावे पुष्कळ. साहजिकच त्या तिथीची सुपारी चढते. गावकरी कुरकुरतात, घासाघीस करतात, पण तिला कोणी काळाबाजार म्हणत नाही. कारण तो पैसा ढोलकीवाल्यापासून तंबू ठोकणाऱ्या मजुरापर्यंत फडाच्या माणसांत जातो. पावसाळ्यात खेळ नसतात, तेव्हा हीच कमाई पुरवून खावी लागते. तेथेही भाव चढतो, पण तो कष्टणाऱ्याच्या घरी जातो.

आता असे समजा की एखाद्या चतुर गृहस्थाने माघ महिन्यातच सगळ्या फडांच्या त्या तिथीच्या सुपाऱ्या स्वतःच्या नावे घेऊन ठेवल्या. त्याच्या गावात जत्रा नाही, त्याला तमाशा पाहायचाही नाही. चैत्र लागल्यावर तो एकेका गावाला तिप्पट भावाने सुपारी विकतो. फडाला ठरल्यापेक्षा दमडी अधिक मिळत नाही आणि गावाच्या वर्गणीचे पैसे मात्र जातात. तिकीट चढ्या भावाने विकणारा नेमके हेच करतो. त्याने गाणे म्हटलेले नाही, मंडप उभारलेला नाही, एक खुर्चीही वाढवलेली नाही. ज्या टंचाईचा तो भाव घेतो तिच्यात त्याने स्वतः भर घातलेली असते.

यावर अर्थशास्त्र जाणणारी मंडळी म्हणतात की ज्याला ती वस्तू सर्वांत अधिक हवी त्याच्याकडे ती पोहोचवण्याचे काम हा मधला माणूस करतो. मला हे पटत नाही. अधिक हवी असणे आणि अधिक पैसे असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. महाविद्यालयात शिकणारा जो मुलगा महिनोन्‌महिने खाऊचे पैसे साठवून त्या रविवारी संगणकापुढे बसला, त्याची हौस ऐंशी हजार देणाऱ्यापेक्षा कमी होती हे कोणत्या तराजूने ठरवले? आणि मूळ भाव कमी का ठेवला होता, तेही पाहावे. २०२४ च्या २२ नोव्हेंबरला याच संचाने दोन-दोन हजारांची काही तिकिटे खास विक्रीस काढली. ती जोडीनेच घ्यायची, एकाला दोनच, आणि कार्यक्रमाच्या दिवशी स्वतः जाऊन उचलायची. थोड्या पैशांत येणाऱ्यांसाठी मुद्दाम राखलेला तो वाटा होता. कलावंताने सामान्य रसिकाला दिलेली ही सवलत जो वाटेत गाठून विकतो, तो दुसऱ्याला आलेली भेट आपल्या खिशात घालतो. रोममध्ये परमगुरूंच्या बुधवारच्या सर्वसाधारण भेटीची तिकिटे विनामूल्य असतात, आणि त्यांसाठी कोणी पैसे मागू नयेत असे व्हॅटिकनकडून मुद्दाम बजावले जाते. ते का बजावावे लागते, हे आता वेगळे सांगायला नको.

त्या रात्री मात्र मी पुतण्याला रोमचे उदाहरण दिले नाही, रॉकेलचे दिले. त्याच्या जन्माआधीची गोष्ट. रेशनच्या दुकानात रॉकेल यायचे त्या दिवशी पहाटेपासून रांग लागे. घरोघरच्या बायकांना कामे असत, म्हणून माणसाऐवजी डबा ठेवण्याची रीत होती. एका घराचा एक डबा. त्या डब्याला कुलूप नसे, राखणदार नसे. तरी त्याची जागा कोणी घेत नसे. रांग ही सगळ्या गावाची मिळून एक मालमत्ता होती आणि प्रत्येकाचा तिच्यात एकेक डब्यापुरता हक्क होता. तेथे एखाद्याने दहा डबे मांडले असते आणि मागून येणाऱ्या बाईला आपल्या डब्याची जागा पाच रुपयांना विकली असती, तर? तो पहाटे लवकर उठला होता, हे खरे. जागा विकली न जाण्याचा धोका त्याने पत्करला होता, हेही खरे. पण त्याने विकले काय? रॉकेल तर सरकारचे. त्याने विकली ती त्या बाईचीच जागा, जी त्याने आधी अडवून ठेवली होती.

“कालव्याच्या पाण्याचं तसंच आहे,” भाऊ स्वतःच म्हणाला. आमच्याकडे कुकडीच्या आवर्तनाची वाट पाहण्यात शेतकऱ्याचा अर्धा जीव जातो. शेवटाकडच्या शेतकऱ्याला पाळीचे महत्त्व शिकवावे लागत नाही. स्वतःच्या रानाला नको असलेली पाळी लावून ती मागच्याला विकणारा माणूस गावात काय नावाने ओळखला जाईल, ते भावाला ठाऊक होते.

मग मी त्याच्या पहिल्या प्रश्नाकडे वळलो, कारण तो तसाच सोडणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. व्यापारी गाडी लावतो, माल दूर नेतो, नासाडी सोसतो, पैसे अडकवतो. त्याचा मोबदला त्याने घ्यावा. परंतु माल उतरवून बसलेल्या शेतकऱ्याला तो परत नेणे परवडणार नाही आणि संध्याकाळपर्यंत तो नासेल, हे ओळखून जो भाव पाडतो, तो शेतकऱ्याची निकड विकत घेतो. अक्विनस यांनी मोलापेक्षा महाग विकणे आणि मोलापेक्षा स्वस्त लाटणे ही दोन्ही एकाच मापाने मोजली आहेत. भावाची तक्रार खरीच होती. पण ती ज्या न्यायाने खरी ठरते, त्याच न्यायाने त्या ऐंशी हजारांतील नऊ हजार आपले आणि उरलेले एकाहत्तर हजार आपले नव्हेत. व्यापाऱ्यापुढे धरायचा न्याय आपल्या घरात आल्यावर खुंटीला टांगून ठेवता येत नाही.

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. ज्याच्या डोक्यावर देणे आहे त्याला न्याय सांगणे फार सोपे असते, हे मला कळत होते. म्हणून मीही पुढे काही बोललो नाही. निर्णय पुतण्याचा होता.

कायद्याने हा प्रश्न सुटेल काय, असेही कोणी विचारील. आयर्लंडने २०२१ साली कायदा करून मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे छापील किमतीपेक्षा अधिक भावाने पुन्हा विकण्यास बंदी घातली. फ्रान्समध्ये आयोजकांच्या परवानगीवाचून तिकिटांचा असा धंदा करणे २०१२ पासून गुन्हा आहे. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयापुढे याविषयी जनहित याचिका आली होती. नियम करणे हे कायदेमंडळाचे व शासनाचे काम आहे, असे सांगून न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत ती निकाली काढली. न्यायालयाचे म्हणणे समजण्यासारखे आहे. तिकिटावर नाव छापणे, दारात ओळखपत्र पाहणे, ज्याला जमणार नाही त्याचे तिकीट आयोजकांनीच मूळ किमतीला परत घेऊन पुढच्याला देणे, हे उपाय कठीण नाहीत. ते व्हायला हवेत. तथापि कायदा मोठ्या दलालाला पकडील. एका घरातील उरलेल्या दोन तिकिटांपर्यंत तो क्वचितच येईल. तेथे घरच्यांनाच बोलावे लागते.

आणि अशी बोलणी आता पुष्कळ घरांत होण्याची वेळ आली आहे. क्रिकेटचे सामने, नवरात्रातील गरबा, मोठे संगीताचे कार्यक्रम, सगळीकडे तिकिटे आहेत आणि आपली मुले त्या रांगांत उभी आहेत. धर्मग्रामाच्या सणाला बसवलेल्या नाटकाची तिकिटेसुद्धा कधी कधी पुढच्या रांगेसाठी हातोहात फिरतात. मुलांना एवढेच सांगावे असे मला वाटते: लागतील तेवढीच तिकिटे घ्यावीत, जाणे जमले नाही तर ज्या भावाने घेतले त्याच भावाने, रांगेत आपल्या मागे राहिलेल्याला द्यावे. आपला खर्च भरून घेण्यात कमीपणा नाही. मात्र मागच्याच्या निकडीचे पैसे होऊ लागले की आपण कोणाची जागा विकतो आहोत, हे स्वतःला विचारावे.

पुतण्याने ती दोन तिकिटे नऊ हजारांना दिली. कचेरीत त्याच्याबरोबर त्या रविवारी रिकाम्या हाताने उठलेल्या एका मुलीने ती घेतली. ती धाकट्या भावाला घेऊन गेली, असे पुढे कळले. कर्जाचे त्याने बापाशी बसून हप्ते बांधले. दर महिन्याला पगारातून काही रक्कम पतसंस्थेत जाते. अजून पाच हप्ते राहिले आहेत. या वर्षीही भावाने टोमॅटो लावला आहे. भाव काय निघेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही.